औरंगाबाद प्रांतीची मोजणी व तिची साधने

शहाजहान बादशहाच्या अमदानीत, सन 1653 मध्ये, औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार म्हणून नेमला गेला, आणि त्याच्या कारभारात बालाघाटची दिवाणी मुर्शिद कुली खान नावाच्या एका खुरासानी अंमलदाराकडे आली. 1630 च्या भीषण दुष्काळाने आणि त्या आधीच्या व नंतरच्या लढायांनी या मुलखाची अशी दुर्दशा झाली होती की गावेच्या गावे ओस पडली होती, रयत परागंदा झाली होती, आणि कागदावरची जमा व प्रत्यक्ष वसूल यांचा एकमेकांशी संबंध उरला नव्हता. खानाने गावोगाव अमीन धाडले, जेथे मुकादम उरला नव्हता तेथे नवा नेमला, बैलांसाठी आणि बियाण्यांसाठी तगाई दिली, आणि वहितीची जमीन कोणती, खडकाळ माळ कोणता, ओढ्या-नाल्यांखाली गेलेली किती, हे ठरविण्यासाठी उत्तरेकडील तोडरमल्ली पद्धतीने जरीब, म्हणजे लांबी मोजण्याचे साधन, टाकून मोजणी सुरू केली. त्याच्याविषयी इतिहासकारांनी एक गोष्ट जपून ठेवली आहे ती अशी की, मोजणीत कोणाकडून लबाडी होऊ नये म्हणून हा दिवाण कित्येकदा जरीबेचे एक टोक स्वतःच्या हाती धरून उभा राहत असे.

ही गोष्ट सचोटीचा दाखला म्हणून सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते, आणि सांप्रत याच मुलखातील फुलंब्रीचा शेतकरी, वाळूजचा कारखानदार, गौताळ्याच्या रानात फिरणारा वनरक्षक आणि शहरातील हौशी भटका हे सारेच जेव्हा ‘कोणते जीपीएस यंत्र घ्यावे?’ असे विचारतात, तेव्हा तीच मला अधिक महत्त्वाची वाटते. मुर्शिद कुली खानाने सर्वत्र जरीब टाकली नाही. जेथे दर नांगरामागे ठोक आकारणी देण्याची जुनी वहिवाट होती आणि रयत तीवर समाधानी होती, तेथे त्याने ती तशीच ठेवली; जेथे पिकाचा भरवसा नव्हता तेथे बटाई लावली, म्हणजे पावसावरच्या पिकाचा निम्मा आणि विहिरीच्या पाण्यावरच्या धान्याचा तिसरा हिस्सा सरकारचा असे ठरविले; आणि उरलेल्या ठिकाणीच, क्षेत्र व पीक पाहून, मोजणीने आकार बसविला. एकाच सुभ्यात, एकाच दिवाणाच्या हाताखाली, मोजण्याचे आणि न मोजण्याचे असे तीन प्रकार शेजारी शेजारी नांदत होते. साधन कोणते हा प्रश्न त्याने दुसरा मानला. मोजावयाचे कशासाठी हा पहिला.

त्याच्या पूर्वी चाळीसएक वर्षे या भूमीवर ज्याचा शब्द चालत होता त्या मलिक अंबराचीही रीत पाहण्यासारखी आहे. खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, या खेड्याचे 1610 च्या सुमारास राजधानीत रूपांतर करणाऱ्या या हबशी वजिराने मक्त्याने वसूल देण्याची चाल मोडली, गावगाड्यातील वतनदारांना पुन्हा उभे केले, आणि आरंभी प्रत्यक्ष आलेल्या पिकाचा माफक अंश घेऊन, काही हंगामांच्या अनुभवानंतर तो रोख रकमेत रूपांतरित केला. त्याचे मोजमाप पिकाकडे पाहून चालत होते. आणि ज्या मुलखात सैन्याच्या वाटा दरवर्षी बदलत होत्या तेथे बांधांपेक्षा खळ्यावरची रास अधिक विश्वसनीय होती, हे ध्यानी घेतले म्हणजे त्याच्या निवडीतील शहाणपण उमगते. मलिकंबरी धाऱ्याची आठवण महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या आदराने काढली गेली.

मलिक अंबराने आणखी एक मोजणी करविली, आणि ती मात्र शेताची नव्हती. शहराच्या उत्तरेकडील डोंगरांतून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, वाटेत हवेसाठी व साफसफाईसाठी उसासे ठेवीत, कोणत्याही यंत्राच्या साहाय्यावाचून वस्तीत आणणारी नहर-ए-अंबरी ही प्रथमतः उताराच्या मोजमापाची कमाल आहे, दगड-चुन्याची त्यानंतर. उतार थोडा अधिक झाला तर प्रवाह तळ खरवडतो, थोडा कमी झाला तर गाळ साचतो आणि नहर मुकी होते. या दोन संकटांच्या मध्ये मैलोन्‌मैल चालत राहणे हे काम ज्या कारागिरांनी केले त्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत. पाणी स्वतःची पातळी स्वतः सांगते, या एका तत्त्वापलीकडे त्यांच्यापाशी दुसरे साधन असण्याची गरजही नव्हती. शेततळ्याचा सांडवा किंवा पाइपलाइनचा उतार काढण्यासाठी जीपीएस यंत्र मागणाऱ्यास मी नेहमी या नहरेकडे बोट दाखवितो. उपग्रहावरून काढलेली उंची ही समुद्रसपाटीपासूनची नसून पृथ्वीच्या एका कल्पित लंबगोल पृष्ठापासूनची असते; आपल्या या भागात त्या दोहोंत पन्नास मीटरांहून अधिक अंतर आहे, आणि यंत्र जरी ते आपल्या पोटातील कोष्टकाने सुधारून देत असले तरी उभ्या दिशेतील त्याची चूक आडव्या दिशेतील चुकीहून सहसा मोठीच राहते. हातात मावणाऱ्या यंत्राच्या आकड्यावर विसंबून चर खणला तर पाणी उलट दिशेने वाहू शकते. त्या कामास आजही डम्पी लेव्हल किंवा ऑटो लेव्हल, आणि लहान कामास पाणी भरलेली पारदर्शक नळी, हीच योग्य साधने होत.

जरीब ही वस्तू मुळात तागाची दोरी होती. सकाळच्या दवाने ती भिजे आणि आखडे, दुपारी वाळे आणि लांबे. आणि आखडलेल्या दोरीने मोजलेले शेत कागदावर मोठे ठरत असल्यामुळे पहाटेच मोजणीस निघणाऱ्या लोभी अमिनाला रयत का भीत असे हे सहज कळते. अकबराच्या कारकीर्दीत ही दोरी काढून टाकून तिच्या जागी लोखंडी कड्यांनी जोडलेल्या बांबूच्या दांड्यांची जरीब आली, आणि गजाचे मापही इलाही गज म्हणून एकच ठरले. अशा साठ गजांच्या चौरसाचा एक बिघा. इकडे शिवाजी महाराजांच्या राज्यात अण्णाजी दत्तोंच्या देखरेखीखाली जी मोजणी झाली ती दोरीने नव्हे तर काठीने: पाच हात व पाच मुठी लांबीची एक काठी, वीस चौरस काठ्यांचा एक पांड, वीस पांडांचा एक बिघा आणि एकशे वीस बिघ्यांचा एक चाहूर. काठी आखडत नाही, ताणली जात नाही, आणि तिची लांबी गावातील कोणीही आपल्या हाताने पडताळून पाहू शकतो. सह्याद्रीच्या चढउतारांवर लांब दोरी लोंबते आणि अंतर फुगविते, तेथे आखूड काठी पायरी-पायरीने उतरत जाते. म्हणजे काठीची निवड ही त्या भूमीनेच केलेली निवड होती असे म्हणण्यास हरकत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात एका सर्वस्वी निराळ्या हेतूने मोजणी सुरू झाली. विल्यम लॅम्टनने 10 एप्रिल 1802 रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी पायारेषा मोजण्यास प्रारंभ केला, आणि सुमारे साडेसात मैलांची ती एकच रेषा मोजण्यास त्याला 57 दिवस लागले. कारण उन्हाने पोलादी साखळी किती वाढते हे पाहण्यासाठी तिच्याशेजारी उष्णतामापके ठेवावी लागत आणि साखळीवर सावली धरावी लागे. छत्तीस इंची वर्तुळाचे, अर्धा टन वजनाचे थिऑडोलाइट यंत्र माणसांच्या खांद्यावरून टेकड्यांवर चढविले गेले. ज्या कामास येथील रयत बिघा-पांडांत समाधान मानीत होती तेथे लॅम्टन इंचाचे अंश का मोजीत होता? कारण त्याला शेत मोजावयाचे नव्हते. त्याला पृथ्वीचा आकार मोजावयाचा होता, आणि शेकडो मैल पुढे नेल्यावर आरंभीची इंचभर चूकही मोठी होऊन समोर उभी राहते. दक्षिणोत्तर महारेषेचे काम करीत असतानाच 20 जानेवारी 1823 रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्याचा अंत झाला, आणि त्याची कबर तेथेच आहे. काम पुढे चालविणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टने 1830 साली पृथ्वीच्या लंबगोलाची जी परिमाणे प्रसिद्ध केली, त्यांवर आपल्या देशाचे नकाशे दीडशे वर्षांहून अधिक काळ आधारलेले राहिले.

हा इतिहास केवळ कुतूहलाचा नाही. एव्हरेस्टच्या लंबगोलावर रचलेल्या जुन्या टोपोशीटवरील अक्षांश-रेखांश आणि आजच्या जीपीएस यंत्रातील डब्ल्यूजीएस 84 या मानकावरील अक्षांश-रेखांश हे एकाच जागेचे असूनही जुळत नाहीत. आपल्या जिल्ह्यात हा फरक शंभराहून अधिक मीटरांचा आहे. जुना नकाशा हाती घेऊन अंतूरच्या किल्ल्याकडे किंवा एखाद्या विसरल्या गेलेल्या बारवेकडे निघालेला संशोधक यंत्राने दाखविलेल्या जागी पोचतो आणि तेथे काहीच नसते, त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. यंत्राच्या सेटिंगमध्ये डेटम, म्हणजे हे मानक, बदलण्याची सोय आहे की नाही हे ज्याला जुन्या नकाशांबरोबर काम करावयाचे आहे त्याने विकत घेण्यापूर्वी पाहिले पाहिजे. ज्याला ते करावयाचे नाही त्याने त्या सोयीसाठी पैसे मोजण्याचे कारण नाही.

आता निजामी अमलाकडे यावे, कारण आपल्या सातबाराची पाळेमुळे तेथे आहेत. निजामाच्या दिवाणाने, पहिल्या सालारजंगाने, 1865 मध्ये जिल्हाबंदी करून महसुलाचा कारभार मक्तेदारांच्या हातून काढून पगारी अंमलदारांकडे दिला, आणि पुढल्या दशकात मराठवाड्याच्या जिल्ह्यांत, औरंगाबाद जिल्ह्यातही, मुंबई इलाख्याच्या धर्तीवर पाहणी-मोजणी व जमाबंदी सुरू झाली. मुंबई इलाख्यात ही पद्धत गोल्डस्मिड व विंगेट यांनी 1830 च्या दशकात इंदापुराकडे घडविली होती. तिच्या आधीची प्रिंगलची मोजणी निष्फळ ठरली होती. ती अति बारीक हिशेबाच्या हव्यासाने व हाताखालच्या लोकांच्या भ्रष्टतेने कोसळली, आणि तिच्या जागी आलेल्या पद्धतीने बारकाईची हाव सोडून सोपेपणा व पडताळा यांवर भर दिला म्हणून ती टिकली.

या पद्धतीचे हत्यार म्हणजे शंकू आणि साखळी. साखळी तेहतीस फूट लांबीची आणि तिचे सोळा भाग; प्रत्येक भागास आणा म्हणत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. ज्या समाजात रुपयाचे सोळा आणे प्रत्येकाच्या तोंडी होते त्या समाजात मोजणीचा हिशेब याच्याहून सुलभ करणे शक्य नव्हते; कुलकर्ण्यालाही तो कळे आणि बांधावर बसून पाहणाऱ्या अडाणी कुणब्यालाही कळे. मोजणीदार शेतातून एक सरळ ओळ टाकी, साखळीवाले ती ओढीत पुढे जात, शंकूच्या चिरांतून पाहून काटकोन साधला जाई, आणि त्या ओळीपासून डावी-उजवीकडे बांधाचे वळण जेथे जेथे येई तेथवरची लांबी साखळी-आण्यांत मोजून कागदावर उतरविली जाई. हा कागद म्हणजे टिपण. टिपण परिमाणावर काढलेले नसते; ते हाताने काढलेले शेताचे रूप असून त्याचा प्राण त्यावरील आकड्यांत असतो. बांधाच्या कोपऱ्यांवर दगड रोवले जात, तीन शिवारे मिळतात तेथे मोठे चिन्ह उभारले जाई.

या टिपणाकडे जरा जवळून पाहावे. तेहतीस फुटांचा सोळावा भाग म्हणजे दोन फूट आणि पाऊण इंच. मोजणीदाराने अर्धा आणा अंदाजाने लिहिला असे धरले तरी फूटभराहून सूक्ष्म असे काहीही त्या कागदावर येऊ शकत नव्हते. त्यात साखळीची झीज आली, उभ्या पिकातून ओढताना पडलेला बाक आला, बांधाची स्वतःचीच चार-सहा फुटांची रुंदी आली. यात त्या मोजणीदाराचा काडीमात्र दोष नाही. महसुलाचा आकार एकरी बसवावयाचा होता, पडीत माळाची किंमत नाममात्र होती, आणि दोन शेजाऱ्यांमधील बांध हाच सर्वांत मोठा साक्षीदार होता. त्या प्रयोजनास त्या साखळीची बारकाई पुरून उरत होती. पुढे फलकयंत्र आले, त्याने नकाशा शेतातच परिमाणावर काढण्याची सोय झाली, परंतु ज्या टिपणावर हद्द ठरली ते टिपण बदलले नाही.

1948 च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात आले, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला आणि 1960 मध्ये महाराष्ट्र झाला. या स्थित्यंतरांत सेतवार, खासरापत्रक, पाहणीपत्रक, मुंतखब अशी दप्तरे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेली, उर्दूतील मजकूर मराठीत आला, एकत्रीकरणाने सर्व्हे नंबरांचे गट झाले, आणि एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर झाले. एक गुंठा म्हणजे 101 चौरस मीटरांहून किंचित अधिक. आर म्हणजे बरोबर शंभर. जुन्या माणसांच्या बोलण्यात गुंठाच राहिला, आणि जमिनीचे सौदेही आजतागायत गुंठ्यानेच होतात.

या सगळ्यांवर आकाशातून मोजमाप आले. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने नॅव्हस्टार (जीपीएस) मालिकेतील पहिला उपग्रह फेब्रुवारी 1978 मध्ये सोडला, आणि सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या चोवीस उपग्रहांची रचना 1995 मध्ये पूर्णपणे कार्यान्वित झाली. तत्त्व पाहू जाता साधे आहे: उपग्रह आपली जागा आणि आपली वेळ सतत सांगत असतो, ती वार्ता पोचण्यास लागलेल्या वेळावरून अंतर निघते, आणि चार उपग्रहांची अंतरे मिळाली की पृथ्वीवरील जागा व घड्याळाची चूक ही दोन्ही उलगडतात. परंतु प्रकाशाच्या वेगाने येणारी ही वार्ता सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात तीनशे मीटर चालून जाते, यावरून त्या घड्याळांकडून केवढ्या काटेकोरपणाची अपेक्षा आहे हे कळावे. नागरी उपयोगासाठीच्या संदेशात मुद्दाम मिसळलेली चूक 1 मे 2000 च्या मध्यरात्रीच्या सुमारास काढून टाकण्यात आली, आणि जे यंत्र शंभर मीटरांपर्यंत चुकत असे ते एका रात्रीत दहा-पंधरा मीटरांवर आले. पुढे रशिया, युरोप व चीन यांच्या उपग्रहांचाही उपयोग होऊ लागला. भारताने 2013 ते 2016 या काळात आपली सात उपग्रहांची मालिका उभी केली व तिला नाविक हे नाव दिले. आणि विमानांसाठी उभारलेली गगन ही सुधारणा-व्यवस्था साध्या यंत्रांनाही उपयोगी पडू लागली.

मोकळ्या माळावर आजचे चांगले हातातले यंत्र तीन ते पाच मीटरांच्या आत जागा सांगते, आणि चांगला मोबाइल फोनही त्याच्या फार मागे नाही. मग वेगळे यंत्र कोणासाठी? जो गौताळा औट्रम घाटाच्या अभयारण्यात दिवसभर चालणार आहे, ज्याला पावसात, मोबाइलच्या रेंजवाचून, बाजारात कुठेही मिळणाऱ्या दोन पेन्सिल सेलांवर वीस-पंचवीस तास चालणारे आणि हातातून खडकावर पडले तरी न फुटणारे यंत्र हवे आहे, त्याच्यासाठी. वनरक्षकासाठी, वनहक्काच्या दाव्यांतील पट्टे दाखविण्यासाठी, डोंगरातील लेणी-बारवांची नोंद करणाऱ्या अभ्यासकासाठी ते योग्यच आहे. त्यांच्या कामाला पाच मीटरांची चूक बाधत नाही. अजिंठ्याच्या वाघोरा नदीच्या घळीत, जेथे उभे कडे निम्मे आकाश झाकतात, तेथे अनेक देशांचे उपग्रह एकदम धरणारे यंत्र घ्यावे, कारण तेथे एकट्या जीपीएसचे पुरेसे उपग्रह दिसतीलच असे नाही. गुलमंडीच्या बोळांत भिंतींवरून परतणारा संदेश अंतर वाढवून सांगतो, तेथे कोणतेही हातातले यंत्र बोळाच्या कोणत्या बाजूला आपण आहो हे शपथेवर सांगू शकणार नाही. आणि देवगिरी किल्ल्याच्या ‘अंधारी’ या भुयारी वाटेत शिरल्यावर आकाशच नाहीसे होते, तेथे जुना मशालजीच उपयोगी. ट्रक, स्कूलबस यांना बसविण्याचा ट्रॅकर हा तर सर्वस्वी निराळा प्रकार. त्याची पारख उपग्रहांपेक्षा सिमकार्डाच्या रेंजवर आणि सरकारी मानकाच्या शिक्क्यावर करावी.

शेताच्या हद्दीला मात्र यांतले एकही यंत्र चालत नाही. एक एकराचे चौरस शेत घेतले तर त्याची बाजू सुमारे 64 मीटर भरते; त्याचा एक बांध तीन मीटर सरकला की जवळजवळ दोन गुंठे इकडचे तिकडे होतात. ज्या शेंद्र्या-वाळूजच्या बाजूला गुंठ्याची किंमत लाखांत बोलली जाते तेथे या तीन मीटरांनी भाऊबंद न्यायालयात जातात. फोन खिशात घालून शेताला फेरी मारली आणि अ‍ॅपने क्षेत्र सांगितले, तर बियाणे किती लागेल, फवारणीचे औषध किती, ट्रॅक्टरवाल्याचे पैसे किती, यासाठी तो आकडा खुशाल वापरावा. त्याच आकड्यावर शेजाऱ्याने बांध कोरला असा आरोप करू नये.

हद्दीसाठी जे साधन आहे त्याला सगळे रोव्हर म्हणतात. ज्याची जागा आधीच अचूक ठाऊक आहे अशा बिंदूवर एक यंत्र स्थिर ठेवावयाचे, त्याला त्या क्षणी उपग्रहांकडून किती चुकीचे उत्तर मिळते आहे ते पाहावयाचे, आणि तीच चूक जवळपास फिरणाऱ्या दुसऱ्या यंत्राच्या उत्तरातून वजा करावयाची, ही त्यामागील कल्पना. सर्व्हे ऑफ इंडियाने महाराष्ट्रात अशी 77 अखंड चालणारी स्थानके उभारली आहेत, आणि त्यांची दुरुस्ती मोबाइल इंटरनेटवरून घेऊन चालणारा रोव्हर उघड्या आकाशाखाली तीन ते पाच सेंटिमीटरांच्या आत जागा सांगतो. सोयगावच्या घाटाखाली रेंज जाते, आंब्याच्या दाट झाडाखाली उत्तर डळमळते. तेथे स्वतःचे स्थिर यंत्र मांडावे लागते किंवा टोटल स्टेशनने कोन-अंतर घ्यावे लागते. म्हणून खासगी मोजणीचा व्यवसाय करू पाहणाऱ्या तरुणाचे एकट्या रोव्हरवर भागत नाही, त्याने जोडी घ्यावी, हे मी आग्रहाने सांगेन.

आणि येथेच साखळीचा आणा पुन्हा समोर येतो. मोजणीच्या दिवशी भूकरमापक येतो, लगतच्या कब्जेदारांना नोटिसा गेलेल्या असतात, रोव्हरची काठी बांधाच्या कोपऱ्यावर टेकते, पडद्यावर सेंटिमीटरांचे आकडे येतात, आणि भोवती जमलेल्या प्रत्येकाला वाटते की आता आकाशानेच निकाल दिला. वस्तुतः आकाशाने एवढेच सांगितले की ही काठी पृथ्वीवर कोठे उभी आहे. हद्द कोठे असावी हे त्याला ठाऊक नाही. ते टिपणाला ठाऊक आहे, आणि टिपण तर दोन फूट पाऊण इंचाच्या आण्यांत बोलते. बारीक यंत्राने जाड दस्तऐवज बारीक होत नाही. यास्तव चांगला भूकरमापक प्रथम जुना दगड शोधतो, पाटबंधाऱ्याचा कोपरा, विहिरीचा कठडा, तीन शिवारांचे चिन्ह असा टिपणातही आहे आणि जमिनीवरही आहे असा बिंदू धरतो, तेथून टिपणातील आकडे जमिनीवर उतरवितो, आणि मगच रोव्हरची सूक्ष्मता कामी आणतो. ज्या गावात असे दोन-तीन बिंदू शाबूत आहेत तेथील वाद तासाभरात मिटतात, आणि जेथे एकही उरला नाही तेथे सर्वांत महागड्या यंत्रानेही केवळ एक नवे मत उत्पन्न होते, हे खेड्यापाड्यांत मोजणीला उभे राहिलेल्या कोणासही विचारून पाहावे.

दुर्दैवाने हे दगडच वेगाने नाहीसे होत आहेत. जेसीबीने माळ सपाट होतो, दोन शेते एक करताना मधला बांध जातो, रस्ता रुंद होताना शिवेवरचे चिन्ह भरावाखाली गडप होते. सीमाचिन्हांची निगा राखण्याची जबाबदारी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 ने धारकावर टाकली आहे आणि त्यांची नासधूस करणाऱ्यास दंडही सांगितला आहे. परंतु ज्या दगडाचे महत्त्व ठाऊक नाही तो दगड कोण राखणार? ज्यांच्या शिवारात जुन्या मोजणीचा दगड अद्याप उभा असेल त्यांना माझी विनंती आहे की, स्वतःसाठी कोणतेही यंत्र विकत घेण्यापूर्वी पुढील मोजणीच्या वेळी तो दगड भूकरमापकाला आठवणीने दाखवावा, रोव्हरने त्याचे अक्षांश-रेखांश घेण्यास सांगावे, ते मोजणीनंतर मिळणाऱ्या क-प्रतीवर नोंदवून घ्यावेत, आणि त्या प्रतीची एक नक्कल शेजाऱ्यालाही द्यावी.